वाल्मीकने चाळ मोजली

वाल्मीक रोकडे इंग्लंडात नेमकं काय शिकतो, हे नारपोलीत कुणालाच धड सांगता येत नसे. त्याच्या वडिलांना तर मुळीच नाही. लहानूराव रोकडे भिवंडीच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. लाउडस्पीकरवर गाड्या पुकारण्यात सारी नोकरी गेल्यामुळे ते घरातसुद्धा पुकारल्यासारखेच बोलत. "वाल्मीक लहानू रोकडे, मुक्काम इंग्लंड, विषय जमीन व मालमत्ता व्यवस्थापन," एवढं ते खणखणीत सांगत, आणि समोरच्याने "म्हणजे काय?" असं विचारलं की चौकशीच्या खिडकीकडे बोट दाखवावं तसं बायकोकडे दाखवत. कमळाबाईंनी आपल्यापुरता तो विषय सोपा करून घेतला होता. "जमिनीचा डॉक्टर होतोय माझा मुलगा," असं त्या सांगत. त्याचा परिणाम असा, की पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन वाल्मीक सुट्टीला घरी आला, त्या दिवशी दारात वळ गावचे दोन शेतकरी भाताची पिवळी पडलेली रोपं घेऊन त्याची वाट बघत बसले होते.

तिकडे तो शिकत होता ते वेगळंच. इंग्लंडात म्हणे मोठमोठ्या जहागिऱ्या असतात. त्यात रान कुठे, मेंढरं कुठे, कुळं कोण, छपराची डागडुजी कुणाच्या अंगावर, हे सगळं बघायला एक शिकलेला माणूस लागतो, आणि तो माणूस तयार करण्याचा हा कोर्स. वर्गातली इंग्रज मुलं असल्या जहागिऱ्यांच्या आसपासच वाढलेली. त्यांना कुंपण हा शब्द समजावून सांगावा लागत नसे. परदेशी विद्यार्थी तिघेच. एक नायजेरियाचा, एक मलेशियाचा आणि हा. तिघेही थंडीमुळे हीटरला चिकटून बसत आणि प्राध्यापक 'आता उदाहरण म्हणून आपलं घर घ्या' म्हणाले की खाली बघत. सुरुवातीला एकदा त्यांनी वाल्मीकला विचारलं होतं, "तुमच्या घरासमोर मोकळी जागा किती आहे?" वाल्मीकने बराच विचार करून प्रामाणिकपणे सांगितलं होतं, "सर, समोर गटार आहे."

तर या प्राध्यापकांनी परदेशी विद्यार्थ्यांना सुट्टीचं काम दिलं. आपापल्या देशातली एक मालमत्ता निवडायची, ती मोजायची, नकाशा काढायचा, मालकाला भेटायचं, राहणाऱ्यांना भेटायचं, आणि तिचं व्यवस्थापन कसं सुधारता येईल ते लिहायचं. हा रिपोर्ट पास झाला तरच वाल्मीकला मिळणारी ट्रस्टची शिष्यवृत्ती पुढे चालू राहणार होती. नायजेरियावाल्याने काकाचं जंगल निवडलं. मलेशियावाल्याने रबराचा मळा. "आणि तुम्ही? एखादा राजवाडा?" प्राध्यापकांनी मोठ्या आशेने विचारलं. वाल्मीकच्या ओळखीची मालमत्ता अख्ख्या जगात एकच होती. रामनाथ शेठची चाळ, नारपोली. तो तिथेच जन्मला होता. "त्याच धर्तीचं काहीतरी," तो म्हणाला.

चाळ साधीच होती. समोरासमोर खोल्यांच्या दोन रांगा, मध्ये बोळ, बोळाच्या एका टोकाला रस्ता आणि दुसऱ्या टोकाला कापड विणणाऱ्या लूमची शेड. लूम सुरू असले की चाळीतल्या भांड्यांना बारीक कंप सुटे, आणि बंद पडले की लोक दचकून जागे होत. बोळाशिवाय बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती. छपरावरचे पत्रे सगळीकडे गळत होते, म्हणजे त्या बाबतीत कुणावर अन्याय नव्हता.

पावसाने उघडीप दिल्याचं बघून वाल्मीकने मोजणी काढली. बूट, मोजे, इन केलेला शर्ट, छातीशी कागद लावलेली फळी आणि हातात विलायतेहून आणलेला टेप. असा मनुष्य बोळात उभा राहिल्यावर टेपचं दुसरं टोक धरायला माणसं कमी पडत नाहीत. समोरच्या खोलीतले चिंधूनाना लगेच उठले. हे मूळचे वळ गावचे. मुलगा अनंता लूमवर कामाला लागल्यापासून चाळीत आलेले. पान चघळत ते म्हणाले, "दे हिकडं. मी धरतो. पन मोजतोस कनाला?"

इथे वाल्मीकची चूक झाली. 'अभ्यासाला' असं म्हणून मोकळं व्हायचं, तर तो पुस्तकातलं बोलला. "नाना, या मालमत्तेचा पुढे विकास कसा करता येईल, ते बघायचंय."

विकास. हा शब्द त्या सालात फार जपून वापरायचा होता. आणीबाणी उठून काही महिनेच झाले होते, आणि कुठे कुठे विकास झाला नि तिथली माणसं आता कुठे राहतात, याच्या गोष्टी लोकांनी नुकत्याच मोकळेपणाने सांगायला सुरुवात केली होती. चिंधूनानांनी टेपचं टोक हातात तसंच ठेवलं, पान थुंकून आले आणि हळूच म्हणाले, "पाडनार?"

"कोण पाडणार? मी फक्त मोजतोय!"

"आदी मोजत्यात. मंगच पाडत्यात," नाना म्हणाले. एवढं थोडक्यात विद्यापीठातही कुणी शिकवलं नव्हतं.

मोजणी संपेपर्यंत चाळीत दोन पक्ष पडले होते. एका पक्षाचं म्हणणं, चाळ पाडून सरकार सगळ्यांना नवीन जागा देणार आणि ज्याची खोली मोठी त्याला मोठी जागा मिळणार. दुसऱ्याचं म्हणणं, खोलीच्या मापाप्रमाणे नवा टॅक्स बसणार. दोन्ही पक्ष वाल्मीककडे बघून आपुलकीने हसत आणि 'तू नाही म्हणणारच, तुला बोलायची बंदी असेल' असं समजुतीने सांगत. तो जसजसा पोटतिडकीने नाकारत गेला तसतशी लोकांची खात्री पटत गेली.

दुसऱ्या दिवशी आकडे ताडून बघायला वाल्मीक पुन्हा बाहेर पडला. लूमवर काम करणाऱ्या, कोपऱ्यावरच्या हफीज मास्टरांची खोली आदल्या दिवसापेक्षा बरीच अरुंद भरली. मास्टर टॅक्सवाल्या पक्षाचे. लूम-शेडमधून सुताचे गठ्ठे आणून त्यांनी दोन्ही भिंतींना छतापर्यंत रचले होते आणि मध्ये उरलेल्या फटीत बाज उभी करून स्वतः दारात बसले होते.

"मास्टर, काल ही खोली मोठी होती."

"बेटा, बारिश में सब सिकुड़ जाता है," हफीज मास्टर शांतपणे म्हणाले. "लिख लो. इतनीच है. अंदर आके चाय पियो बोलता, लेकिन जगह किधर है?"

उलट चिंधूनानांच्या दारापुढे एक ओटा उगवला होता. दुपारी त्याला कूड आला. संध्याकाळी कुडावर पत्रा आला आणि पत्र्याखाली नानांची बायको ठमाबाई जणू वर्षानुवर्षं तिथेच बसत आल्यासारखी तांदूळ निवडू लागली. "यो ओटा पयल्यापासूनच हाय," नाना म्हणाले. "तू विलायतेला गेलास नं, म्हून तुला दिसला न्हाय."

आता वाल्मीकच्या जागी दुसरा कुणी असता तर टेप गुंडाळून घरी बसला असता. पण त्याला पहिल्याच धड्यात शिकवलं होतं की मापं जुळली नाहीत तर दोष मोजणाऱ्याचा असतो, जमिनीचा नव्हे. जमीन जागची हलत नाही. ते पुस्तक लिहिणारा मनुष्य नारपोलीत राहिलेला नसल्यामुळे वाल्मीक रोज नव्याने मोजत राहिला आणि चाळ रोज नव्याने आकार बदलत राहिली. त्याचा एकेक नकाशा शाई वाळेपर्यंत जुना होत होता. समोरासमोरच्या रांगा एकमेकींच्या जवळ सरकत होत्या. बोळातून डोक्यावर हंडा घेऊन जाणाऱ्या दोन बायका पूर्वी बोलत बोलत जात. आता एकीला थांबून दुसरीला वाट द्यावी लागे, आणि त्यावरून त्या बोलेनाशा झाल्या.

शेवटी वाल्मीकने ठरवलं, की सरकारदप्तरी जो मूळ नकाशा असेल तोच प्रमाण मानायचा. तो एका कचेरीत गेला. टेबलामागच्या कारकुनाने सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "तुम्ही कोण? मालक?"

"नाही. विद्यार्थी."

"इथले?"

"इंग्लंडमधले."

"म्हणजे परदेशी?" कारकुनाने चष्मा काढला. "परदेशी माणसाला इथल्या जागेचा नकाशा कसा देणार?"

"अहो, मी इथलाच आहे! नारपोलीचा!"

"मग इंग्लंडचे म्हणून कशाला सांगता?" कारकून दुखावला. "मालकाची सही आणा."

वाल्मीक बाहेर आला तेव्हा आपण तिकडे परदेशी आणि इकडेही परदेशी, असा एक गंभीर विचार त्याच्या मनात आला. तो त्याने चहाबरोबर गिळला आणि बाजारपेठेत रामनाथ शेठच्या कापडदुकानात गेला. शेठ चाळीत फिरकत नसत. पत्रे गळायला लागले तेव्हापासून भाडं गोळा करायला दुकानातला नोकर येई, आणि शेठची भेट मागितली की ते नाशिकला गेलेले असत. चाळीतल्या कित्येकांनी त्यांना पाहिलंही नव्हतं. गादीवर एक गोल, घामाघूम गृहस्थ लोडाला टेकून बसला होता.

"शेठ आहेत का?"

"नाशिकला गेलेत," गृहस्थ म्हणाला. "काय काम होतं?"

वाल्मीकने काम सांगितलं. गृहस्थाने चहा मागवला, आपुलकीने चौकशी केली, आणि मग मालकाबद्दलच बोलायला लागला. "कसला मालक घेऊन बसलात! अहो, चाळ आहे म्हणून रात्री झोप नाही त्याला. पत्रा बदलायला गेला तर वर्षाचं भाडं जातं. विकायला काढली तर घेणारा हसतो. तुम्ही विलायतेला शिकता, तिकडे चाळ परत करायची काही सोय असते का? म्हणजे सरकारला वगैरे?"

वाल्मीक म्हणाला की तसा धडा अजून झालेला नाही. बाहेर पडल्यावर शेजारच्या पानवाल्याने विचारलं, "झालं का शेठचं काम?" तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तो तसाच मागे फिरला; पण तेवढ्यात शेठ मागल्या दाराने खरोखरच कुठेतरी गेले होते.

तो दुखावल्या मनाने घरी आला आणि दारातच थबकला. त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत बोळात चांगली पुढे आली होती. विटांची. ताजी. कमळाबाई त्यावर मातीचा हात फिरवत होत्या.

"आई! हे काय?"

"दिसत नाही? भिंत."

"अगं, मी मोजणारा माणूस! माझ्याच घरात असं झालं तर मी लिहू काय?"

"तेच म्हणते मी," कमळाबाई न वळता म्हणाल्या. "सगळ्यांनी जागा घेतली. मोजणारा माझा मुलगा, आणि खोली माझीच लहान राहायची? बाया तोंडावर हसतात मला. उद्या तुझं लग्न झालं की सून काय डोक्यावर बसवू?"

"पण काही पाडणार नाहीयेत! कुणी काही देणार नाहीये!"

"नसू दे. स्वयंपाकघर तर मोठं झालं!"

वाल्मीकने वडिलांकडे बघितलं. लहानूरावांनी पेपर खाली केला. "प्रवाशांनी भांडू नये," ते सावकाश म्हणाले. "सदर भिंत रद्द होण्याची शक्यता नाही." आणि पेपर पुन्हा वर गेला.

त्या रात्री वाल्मीक जेवला नाही. आईने दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली असती तर तो उठणार होता.

एवढ्या बांधकामाचा बोभाटा व्हायचा तो झालाच. कुणीतरी तक्रारीचा अर्ज केला, आणि त्याच कचेरीचा ओव्हरसीअर जागेवर येऊन पाहणी करणार, मालकालाही हजर राहायला कळवलंय, असा निरोप आला. चाळीचं धाबं दणाणलं. आता दोन्ही पक्ष एक झाले आणि दोघांनी मिळून वाल्मीकला दोष दिला. "तूच टेप काढलास," चिंधूनाना म्हणाले. "तूच काय तं बोल सायबाशी. इंग्रजीत बोल. इंग्रजीत बोललं का ते लवकर जातात." वाल्मीकने रिपोर्टचे कागद चाळून बघितले. कुठल्याच दोन पानांवर एकच चाळ नव्हती. शिष्यवृत्ती तर गेलीच. आता इथेही तोंड दाखवायची सोय राहिली नाही, असं त्याला वाटलं आणि इंग्लंडातलं गटार नसलेलं एकाकी हॉस्टेल एकदम प्रिय वाटू लागलं.

पाहणीच्या दिवशी सकाळी चिंधूनानांच्या घरातून ठमाबाईची हाक ऐकू आली. त्यांच्या सुनेचे, तुळजाचे, दिवस भरत आले होते, पण कळा अपेक्षेआधीच सुरू झाल्या होत्या आणि सुईण तोंडाकडे बघून म्हणाली, "हितं न्हाय व्हायचं. दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता." नवरा अनंता लांबच्या एका लूमवर ड्युटीला. लहानूराव धावत रस्त्यावर जाऊन टांगा थांबवून आले. तुळजाला उठवेना, म्हणून खाटेवरच घातलं आणि चौघांनी खाट उचलली. वाल्मीक पायाकडे, हफीज मास्टर डोक्याकडे.

खाट दारातून निघाली आणि नानांच्या स्वतःच्याच ओट्याला अडली. नानांनी क्षणभर खाटेकडे बघितलं, क्षणभर कुडाकडे, आणि कुडाला अशी लाथ घातली की पत्र्यासकट सगळं भुईसपाट झालं. खाट पुढे सरकली. पुढे एका घराचा मोरीचा कठडा होता. तो त्या घरच्या माणसांनीच उपटला. आणि मग खाट रोकड्यांच्या विटांच्या भिंतीपाशी येऊन रुतली. तिरपी करून बघितली, उचलून बघितली. इंचभरसुद्धा हलेना. तुळजा ओरडत नव्हती. दात आवळून वाल्मीककडे बघत होती. अंदाजाची गरज नव्हती. तिथे किती जागा आहे, हे जगात एकट्या वाल्मीकला नेमकं माहीत होतं, आणि खाट त्यातून जाणार नव्हती.

"आई," तो म्हणाला.

कमळाबाई आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात पाट्यावरचा वरवंटा होता. त्यांनी पदर खोचला आणि आपल्या हाताने लिंपलेल्या भिंतीवर पहिला घाव घातला. "बघत काय बसलात? हात चालवा!" मग कुणी पहार आणली, कुणी कोयता. हफीज मास्टरांचे लूमवरचे सोबती शिफ्ट सोडून धावत आले. विटा बोळातून हातोहात बाहेर गेल्या. भिंत पडता पडता फळीवरचा डबा खाली आला आणि साखर सांडली, तरी कमळाबाईंनी वळून पाहिलं नाही. खाट निघाली, टांग्यापर्यंत गेली. ठमाबाई, सुईण आणि लहानूराव बरोबर गेले आणि टांगा वळणावर दिसेनासा झाला.

मागे राहिलेल्यांना काय करावं सुचेना. नुसतं उभं राहवेना, म्हणून त्यांनी उरलेलंही पाडायला घेतलं. कुणी कुणाला सांगितलं नाही. दुपारपर्यंत बोळ पहिल्यासारखा रुंद झाला आणि हफीज मास्टरांनी सुताचे गठ्ठे आपणहून शेडमध्ये नेऊन टाकले. वाल्मीकने सवयीने टेप लावून बघितला. पहिल्या दिवसाची सगळी मापं बरोबर जुळत होती.

अशा वेळी ओव्हरसीअर आला. मागे छत्रीत तोंड लपवून रामनाथ शेठ. ओव्हरसीअरने बोळात इकडून तिकडे फेरी मारली, कागद बघितला, पुन्हा फेरी मारली.

"बांधकाम कुठाय?"

"पाडलं," वाल्मीक म्हणाला.

"कुणी?"

"ज्यांचं त्यांनी."

ओव्हरसीअर विचारात पडला. एवढ्या लांब येऊन काहीच न लिहिता जाणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "बांधायला परवानगी नव्हती, ते कळलं," तो म्हणाला. "पण पाडायला तरी होती का? मालमत्तेत असं परस्पर पाडकाम करता येत नाही. हे कुणी सांगितलं पाडायला? त्याच्यावर केस होईल."

कमळाबाई वरवंट्यासकट पुढे यायला निघाल्या. वाल्मीकने त्यांचा हात धरला आणि स्वतःच तोंड उघडलं. नेमक्या त्याच क्षणी रस्त्यावर एक टांगा थांबला आणि बोळाच्या तोंडाशी उभे राहून लहानूरावांनी, लाउडस्पीकर नसताना, लूमच्या वर आवाज काढून पुकारलं, "चिंधूनाना, लक्ष द्या! तुळजाबाईंना मुलगी झाली आहे! आई व बाळ दोघी सुखरूप! धन्यवाद!"

चिंधूनाना मटकन खाली बसले आणि रडू लागले. त्यांना बघून हफीज मास्टर डोळे पुसू लागले, आणि कमळाबाईंनी वरवंटा खाली ठेवून सांडलेल्यातली वरवरची साखर गोळा केली नि जो दिसेल त्याच्या हातावर ठेवायला सुरुवात केली. ओव्हरसीअरच्या हातावर ठेवली. छत्रीखालच्या अनोळखी गृहस्थाच्याही हातावर ठेवली.

ओव्हरसीअरने साखर खाल्ली, पण कागद सोडला नाही. "ते झालं. पण पाडायला सांगितलं कुणी?"

"मी," छत्रीखालून आवाज आला.

सगळे वळले. रामनाथ शेठ साखरेच्या मुठीकडे बघत होते. आपण काय बोलून बसलो, ते त्यांना स्वतःलाही पुरतं उमगलं नसावं. "मी सांगितलं," ते पुन्हा म्हणाले, आता जरा जोरात. "माझी चाळ आहे. मी मालक आहे."

ओव्हरसीअरने तसं लिहून घेतलं, सही घेतली आणि तो निघून गेला. तो गेल्यावर चाळीतली सगळी माणसं या घामाघूम गृहस्थाकडे बघत होती. बरीचशी आयुष्यात पहिल्यांदा. मग चिंधूनाना उठले. डोळे पुसले. शेठच्या जवळ येऊन त्यांनी त्यांचं मनगट प्रेमाने, पण घट्ट धरलं.

"मालक," ते म्हणाले, "आता आलात तसं वरतं चला. पत्रं दाखवतो."

शेठने वाल्मीककडे केविलवाण्या नजरेने पाहिलं. वाल्मीक नम्रपणे बाजूला झाला आणि त्याने शिडी धरली.

रिपोर्ट त्याने त्याच आठवड्यात पुरा केला. नकाशा पहिल्या दिवसाचाच जोडला. शेवटच्या पानावर विद्यापीठाने एक ठरलेला मथळा दिला होता, 'मालक व भाडेकरू यांचे संबंध', आणि खाली निम्मं पान मोकळं ठेवलं होतं. वाल्मीक बराच वेळ पेन चावत बसला. छपरावर आजही पत्रे सरकल्याचे आवाज येत होते आणि चिंधूनाना शेठना कुठे पाय द्यायचा ते ओरडून सांगत होते. मग त्याने चांगल्या इंग्रजीत एकच वाक्य लिहिलं, की दोघांची नुकतीच ओळख झाली आहे.